बुडालेला हप्ता



आमच्या पतसंस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा नुकतीच पार पडली. अहवाल वाचून झाला, ताळेबंद मांडला आणि नेहमीप्रमाणे "विषय मंजूर" असे ओरडायला मंडळी तयार होती. तेवढ्यात मागच्या रांगेतून कंपनीतून रिटायर झालेले एक बाबा उठले. खर्चाच्या बाजूला "क्लाउड बॅकअप – रु. ६,५००" अशी एक ओळ होती. तिच्यावर बोट ठेवून त्यांनी विचारले, "चिटणीस साहेब, संगणक आपला, प्रोग्रॅम आपला, ऑफिस आपलं. मग हे साडेसहा हजार कोणाला आणि कशासाठी?"

प्रश्न रास्त होता. सभासद चारशे बारा, म्हणजे माणशी सोळा रुपयांच्या आतच खर्च. पण धुणीभांडी, बिगारी आणि हमाली करून साठवलेल्या पैशातले सोळा रुपयेही विचारूनच खर्च व्हायला हवेत. सभेत आम्ही पाच मिनिटांत उत्तर दिले. ते काही सर्वांना पटले नाही, आणि खरे सांगायचे तर आम्हालाही पटले नाही. म्हणून आज सविस्तर लिहितो.

सुरुवात २ ऑगस्ट २०१६ पासून करावी लागेल. मंगळवार होता. नाशिककरांना ती तारीख सांगायची गरज नाही. दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागले यावर आपल्याकडे पूर मोजतात. त्या दिवशी गोदावरी सराफ बाजारात शिरली होती. सराफांचे काय झाले ते पेपरात आले. आमच्या नासर्डीकडच्या सखल वस्तीत काय झाले ते कुठे छापून आले नाही. संस्थेचे ऑफिस म्हणजे रस्त्यापेक्षा एक पायरी खाली असलेला गाळा. आम्ही नोकरीवरून धावत पोहोचलो तेव्हा आत मांडीएवढे गढूळ पाणी होते. टेबलाखाली फरशीवर ठेवलेला संगणक पूर्ण बुडालेला. खालच्या दोन ड्रॉवरमधली पावतीपुस्तके, व्हाउचरच्या फाइली, सगळ्याचा लगदा.

त्या काळी आम्ही बॅकअप घेत नव्हतो असे नाही. दर शनिवारी संध्याकाळी पेनड्राइव्हवर घेत होतो, आणि त्याचा आम्हाला अभिमानही होता. तो पेनड्राइव्ह कुठे असायचा? त्याच टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये.

बी.कॉम.ला असताना आम्हाला किर्द, खतावणी, तेरीज हे सगळे शिकवले. प्रत्येक नावे रकमेला जमा रक्कम असते, हे डोक्यात पक्के बसले. पण चोपडीची दुसरी प्रत दुसऱ्या घरात ठेवावी, हे कोणी शिकवले नाही. जुन्या सावकाराला ते कळत होते, असे आमचे एक वडीलधारे संचालक म्हणतात. त्याची एक वही दुकानात असे आणि एक घरी.

लेखापरीक्षकांकडे ३१ मार्चपर्यंतच्या हिशोबाची सीडी होती, ती मिळाली. म्हणजे एप्रिल ते जुलै असे चार महिने हवेत. ते आम्ही सभासदांच्या पासबुकांवरून परत उभे केले. अकरा रविवार लागले. बाया पासबुके पदरात गुंडाळून आणायच्या, आम्ही एकेक नोंद वाचायची, दुसऱ्याने लिहायची, तिसऱ्याने ताडायची. बहुतेकांचे जुळले. एका ताईचे जुळले नाही.

ही ताई चार घरची कामे करून राहणारी. मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी तिने कर्ज घेतले होते. हप्ता अकराशे पन्नास रुपयांचा. तिचे म्हणणे, जूनचा आणि जुलैचा असे शेवटचे दोन्ही हप्ते भरले, कर्ज फिटले. तिचे घर आमच्या गाळ्यापेक्षाही खाली. पासबुक आणि पावत्या घरातल्या पत्र्याच्या पेटीत होत्या. ती पेटी त्याच पाण्यात गेली. "भाऊ, पैसे मी भरलेत. पावती पाण्यात गेली, तुमचा संगणकबी पाण्यात गेला. आता म्या काय दाखवू?" असे ती म्हणाली.

वसुली करणाऱ्या गृहस्थांच्या खिशातल्या डायरीत जूनचा हप्ता सापडला. जुलैचा सापडला नाही, कारण तो तिने खिडकीवर येऊन भरला होता, असे तिचे म्हणणे. खिडकीवरची पावतीपुस्तके लगदा झालेली. विषय संचालक मंडळापुढे आला. नऊ जण होतो. चार जण म्हणाले, ताईचा शब्द मानावा. पाच जण म्हणाले, आज एकीचा मानला तर उद्या पन्नास जण येतील, कागद नसेल तर रक्कम येणे आहे. त्या पाचांत आम्ही होतो.

ताईने ते अकराशे पन्नास रुपये तीन वेळा करून भरले. भांडली नाही. तिने दोनदा भरले की एकदा, हे आम्हाला आजपर्यंत कळलेले नाही, आणि आता कळणारही नाही.

पतसंस्थेच्या सभासदांनी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. बँकेत ठेव असेल, मग ती सहकारी बँक का असेना, तर पाच लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे. ते २०२० साली एक लाखावरून पाच लाखांवर नेले. पतसंस्थेतल्या ठेवीला ते संरक्षण नाही. तुमचा पैसा संस्थेत आहे याचा पुरावा दोन ठिकाणी असतो : तुमच्या पासबुकात आणि संस्थेच्या दप्तरात. दप्तर आता संगणकात गेले आहे. म्हणून संगणकातल्या नोंदीची दुसरी प्रत हा संस्थेच्या हौसेचा विषय राहत नाही, तो तुमच्या ठेवीचा विषय होतो.

पुरानंतर आम्ही नवा संगणक घेतला, तो टेबलावर ठेवला, आणि कोणीतरी सांगितले म्हणून इंटरनेटवरच्या एका फुकट जागेशी ते फोल्डर जोडून टाकले. फोल्डरमध्ये काही बदलले की तिकडे आपोआप बदलायचे. आम्ही निर्धास्त. वर्षभराने वस्तीतलाच एक मुलगा, अंबडच्या एका कंपनीत संगणकाच्या कामाला लागलेला, सुट्टीच्या दिवशी सहज ऑफिसात आला. त्याने विचारले, "काका, ही तिकडची फाइल कधी उघडून बघितली का?" बघितली नव्हती. त्याने आपल्या लॅपटॉपवर उघडायचा प्रयत्न केला. उघडली नाही. वर्षभर आम्ही एक मोडकी फाइल जपत होतो.

का मोडकी, ते त्याने समजावून सांगितले. शाळेचा दाखला स्कॅन करून ठेवला तर ती एक निवांत पडलेली फाइल आहे, केव्हाही नक्कल करा. हिशोबाच्या प्रोग्रॅममागे असतो तो डेटाबेस. तो दिवसभर जिवंत असतो. हप्ता जमा झाला की सभासदाच्या खात्यात एक नोंद, रोकडीत एक, व्याजात एक, अशा तीन-चार ठिकाणी एकदम लिखाण होते. नक्कल करणारा अर्ध्यावर असताना हे लिखाण झाले तर नकलेत एक बाजू जुनी आणि एक बाजू नवी येते. कारकून किर्द लिहीत असताना दुसऱ्याने तीच वही ओढून झेरॉक्स काढावी, तसा प्रकार. म्हणून डेटाबेसची फाइल उचलून ठेवायची नसते. डेटाबेसलाच सांगायचे असते की, तुझी या क्षणाची एक नीट जुळलेली प्रत काढून दे. ती सोय बहुतेक डेटाबेसमध्ये असते.

आमचा प्रोग्रॅम एसक्यूएल सर्व्हरच्या फुकट मिळणाऱ्या आवृत्तीवर चालतो. त्या आवृत्तीत ठरलेल्या वेळी आपोआप बॅकअप घेणारे वेळापत्रक नसते. ते विंडोजच्या टास्क शेड्युलरला लावून द्यावे लागते. गावोगावच्या छोट्या संस्थांमध्ये हीच आवृत्ती असते आणि बॅकअप "आपोआप होत असेल" या समजुतीवर असतो. आपल्या संस्थेच्या चिटणिसाला एकदा विचारून बघा, कोणत्या वेळी होतो आणि शेवटचा कधी झाला. उत्तर देताना तो संगणकवाल्याचे नाव घेऊ लागला तर समजून जा.

दुसरी चूक त्या मुलाने दाखवली ती अशी. जोडलेले फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे. इकडे पुसले की तिकडेही पुसले जाते. इकडे व्हायरस येऊन त्याने सगळ्या फाइलींना कुलूप घातले आणि खंडणी मागितली, तर तिकडची प्रतही कुलूपबंद. बॅकअपमध्ये कालची प्रत, परवाची प्रत, गेल्या महिन्याची प्रत अशा वेगवेगळ्या राहायला हव्यात. चूक आज झाली पण कळली पंधरा दिवसांनी, असे आमच्या धंद्यात नेहमी होते. तेव्हा सोळाव्या दिवसाची प्रत हाताशी लागते.

आता क्लाउडबद्दल, कारण बाबांचा खरा प्रश्न तोच होता. त्यात ढग कुठेच नाही. दुसऱ्या कोणाच्या तरी इमारतीतल्या संगणकांवर भाड्याने घेतलेली जागा, एवढाच त्याचा अर्थ. त्या इमारतीत थंड हवा, जनरेटर, अग्निशमन आणि चोवीस तास माणसे. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे, मुंबई आणि चेन्नईत अशी केंद्रे सुरू केली, अ‍ॅमेझॉनने २०१६ साली मुंबईत. आपल्या नाशिकमध्येही हा धंदा आहे. पीयूष सोमाणी यांनी २००५ साली काढलेली ईएसडीएस ही कंपनी सातपूरची, तिचे डेटा सेंटर नाशिकलाही आहे आणि नवी मुंबई, बेंगळुरूलाही. सातपूरला नट-बोल्ट आणि वाहनांचे सुटे भाग बनवण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना हे ऐकून गंमत वाटेल की त्याच वसाहतीत आता लोकांची दप्तरेही सांभाळली जातात. कोणत्या कंपनीची जागा घ्यावी हे आम्ही सांगत नाही. एवढे मात्र सांगतो, की ऑफिस नाशिकला असेल तर निदान एक प्रत नाशिकबाहेर असावी, आणि ती नक्की कोणत्या शहरात ठेवली आहे हे कंपनीकडून लिहून घ्यावे.

कारण क्लाउडवाल्यांच्या इमारतीही जळतात. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग शहरात ओव्हीएच या मोठ्या कंपनीचे एक डेटा सेंटर आगीत भस्म झाले. ज्यांचे मूळ काम आणि बॅकअप एकाच आवारात होते त्यांचे दोन्ही गेले. आमच्या ड्रॉवरमधल्या पेनड्राइव्हसारखेच, फक्त इमारत मोठी. आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियात देजॉन येथे सरकारी डेटा सेंटरला बॅटरीतून आग लागली. तिथल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाइली ठेवण्याची सामायिक जागा जळाली. ८५८ टेराबाइटचा माल, आणि बाहेर प्रत नाही. इतका मोठा साठा दुसरीकडे ठेवणे जमत नाही, असे कारण दिले गेले. इतकी पुढारलेली सरकारे!

आपले सरकार तरी काय? २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली. पाच माणसे गेली आणि वरच्या मजल्यांवरच्या फाइली जळाल्या. जे कागद आधी स्कॅन झाले होते ते परत मिळाले. बाकीच्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांतून प्रती मागवून फाइली नव्याने बांधाव्या लागल्या. तुमची पासबुके गोळा करून आम्ही अकरा रविवार केले तेच, फक्त राज्यभर.

सर्वांत जवळचे उदाहरण दवाखान्याचे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या संगणकांवर हल्ला झाला. सर्व्हर बंद पडले आणि सुमारे दोन आठवडे केसपेपर, तपासण्या, भरती सगळे हाताने चालले. पुढे लोकसभेत तत्कालीन आरोग्य राज्यमंत्री डॉ. भारती पवार यांनी लेखी उत्तर दिले. त्या आपल्याच जिल्ह्यातल्या, दिंडोरीच्या खासदार होत्या. हल्ल्यातून वाचलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून सर्व माहिती परत मिळवली आणि नव्या सर्व्हरवर चढवली, असे त्या उत्तरात होते. एक सर्व्हर हल्ल्यापासून सुटला म्हणून हजारो रुग्णांची कागदपत्रे वाचली. तो सुटावा अशी आधीपासून रचना करायची की नशिबावर सोडायचे, एवढाच मुद्दा आहे. रचना करायची तर उपाय सोपा आहे. रोज बॅकअप पाठवणाऱ्या संगणकाला क्लाउडवर नवी प्रत ठेवण्याचा अधिकार द्यायचा, जुनी पुसण्याचा द्यायचा नाही. ठरावीक दिवस कोणालाच पुसता येणार नाही असे कुलूपही क्लाउडवर लावता येते. मग चोर ऑफिसात शिरला तरी त्याचा हात तिथवर पोहोचत नाही.

क्लाउडवरची जागाच उडाली तर? तेही झालेले आहे. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचे गुगल क्लाउडवरची खासगी जागा कंपनीच्याच चुकीने पुसली गेली. दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या प्रतीही गेल्या, कारण दोन्ही त्याच जागेचा भाग होत्या. सहा लाखांहून अधिक सभासदांच्या म्हातारपणाच्या पुंजीचा हिशोब. फंडाने आणखी एका कंपनीकडे वेगळा बॅकअप ठेवला होता, त्यावरून गाडी रुळावर आली, तीही आठवड्याने. म्हणून आम्ही क्लाउडवर भरवसा टाकून बाकी सगळे सोडून दिलेले नाही. एक प्रत संगणकात, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर. हार्ड डिस्क खजिनदारांच्या घरी असते, दुसऱ्या मजल्यावर, आणि प्रत घेतली की लगेच संगणकापासून सोडवून नेली जाते.

हे ऐकून काही मंडळींना बाबासाहेबांच्या कागदांची आठवण होईल. महापरिनिर्वाणानंतर त्यांची अप्रकाशित हस्तलिखिते वर्षानुवर्षे पेट्यांमध्ये पडून होती. १९७६ मध्ये राज्य सरकारने समिती नेमली, वसंत मून यांनी एकेक कागद लावला, १९७९ मध्ये पहिला खंड निघाला. पण १९८७ च्या तिसऱ्या खंडात प्राचीन भारतातील क्रांती-प्रतिक्रांतीवरचे लेखन अपुरेच छापावे लागले, कारण योजलेली काही प्रकरणे सापडलीच नाहीत.

आता कामाचा भाग. आमच्या डेटाबेसची प्रत रोज रात्री साडेनऊला निघते. तिला सेव्हन-झिपने दाबून पासवर्ड लावला जातो, मगच ती बाहेर जाते. तुमची नावे, पत्ते, आधारचे क्रमांक, कोणाचे किती कर्ज थकले, हे सगळे त्यात आहे. ते उघडे पाठवणे म्हणजे खतावणी रस्त्यावर वाळत घालणे. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले. बऱ्याच तरतुदी निघाल्यापासून अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. त्या नियमांत माहिती सुरक्षित ठेवण्याबरोबर बॅकअपचाही उल्लेख आहे. कंपन्यांना तर २०२२ च्या दुरुस्तीपासून हिशोबाचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवणे बंधनकारक आहे. आमची पतसंस्था कंपनी नाही, पण तोच नेम आम्ही आमच्यापुरता लावून घेतला.

दाबलेली प्रत सुमारे चारशे एमबीची होते. आमचे इंटरनेट वर पाठवताना सेकंदाला दहा मेगाबिट चालते. हिशोब केला तर पाच-साडेपाच मिनिटांत पोहोचते. कर्ज अर्जांचे स्कॅन केलेले कागद मात्र चाळीस जीबी होते. त्यांना याच वेगाने जवळपास नऊ तास लागतात. प्रत्यक्षात लाईट गेल्यामुळे दोन रात्री लागल्या. पण ते एकदाच. पुढे रोज फक्त नवे कागद जातात. पाठवणे स्वस्त असते, परत काढताना मात्र काही कंपन्या वेगळे पैसे घेतात. सगळ्यांत स्वस्त खोल साठ्यात ठेवले तर परत मिळायला अर्धा दिवसही लागू शकतो. हे सही करण्याआधी विचारावे, संकटात नव्हे.

पासवर्डचा एक किस्सा सांगायला आम्हाला लाज वाटते, पण सांगतो. सुरुवातीला क्लाउडचे खाते आमच्या ऑपरेटर मुलाने स्वतःच्या मोबाईल नंबरवर उघडले होते. मुलगा गुणी. त्याला पुण्याला चांगली नोकरी लागली, आम्ही हार घालून निरोप दिला. महिन्याभराने खात्यात शिरायचे तर ओटीपी त्याच्या मोबाईलवर, आणि त्याने नंबर बदललेला. जुना नंबर परत चालू करून घेण्यात वीस दिवस गेले. त्या वीस दिवसांत संगणक बंद पडला असता तर बॅकअप असून नसल्यासारखा. आता खाते संस्थेच्या नावाने, नंबर संस्थेचा, ईमेल संस्थेचा. झिपचा पासवर्ड दोन बंद लिफाफ्यांत आहे, एक अध्यक्षांकडे आणि एक बँकेच्या लॉकरमध्ये. तो हरवला तर प्रत कोणीच उघडू शकत नाही, आम्हीही नाही आणि क्लाउडवालाही नाही.

आणि शेवटचे काम, जे सगळ्यात कंटाळवाणे म्हणून सगळे टाळतात : बॅकअप उघडून बघणे. गिटलॅब नावाची संगणकवाल्यांच्याच उपयोगाची एक नामांकित कंपनी आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी रात्री तिच्या एका थकलेल्या इंजिनिअरने चुकून चालू डेटाबेस पुसला. तीनशे जीबीपैकी साडेचार उरले. बॅकअपच्या पाच तऱ्हा होत्या, ऐन वेळी एकही धड निघेना. रोजचा बॅकअप कित्येक दिवस फसत होता, आणि "फसला" असे सांगणारे ईमेल कोणापर्यंत पोहोचतच नव्हते. त्या इंजिनिअरने सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी सहज एक प्रत काढली होती, तिच्यावर निभावले. तज्ज्ञांची ही गत, तर आमच्यासारख्या बी.कॉम. कारकुनाने किती डोळ्यात तेल घालावे!

म्हणून आमच्याकडे बॅकअप झाला नाही तरच मेसेज, असे ठेवलेले नाही. झाला तरी रोज मेसेज येतो. सकाळी चहाबरोबर तो आला नाही की आम्ही ऑफिस गाठतो. दर तीन महिन्यांनी एका रविवारी क्लाउडवरची प्रत वेगळ्या लॅपटॉपवर उतरवतो, तेरीज काढतो आणि ऑफिसच्या तेरजेशी ताडतो. शेवटच्या वेळी लिफाफा फोडण्यापासून तेरीज जुळेपर्यंत दोन तास दहा मिनिटे लागली. म्हणजे उद्या गाळा पुन्हा बुडाला तर दुसऱ्या दिवशी खिडकी उघडेल, आणि फार तर एका दिवसाच्या पावत्या पुन्हा लिहाव्या लागतील. ४ ऑगस्ट २०१९ च्या रविवारी गोदेला पुन्हा पूर आला. पायरीवर पाणी टेकले, पण आत आले नाही. त्या रात्री आम्ही झोपलो.

घरच्या कागदांबद्दल भगिनींनी विचारले आहे, तेही याच ओघात. तुमच्या घरीही एक पेटी आहेच. तीत जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचे दाखले, आणि १० ऑगस्ट १९५० पूर्वी कुटुंब याच राज्यात राहत होते हे सांगणारा आजोबा-पणजोबांचा एखादा पिवळा पडलेला उतारा असतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती मिळाल्या, पण त्या मागायला गेले की कागदच विचारतात. जुना उतारा गेला तर शाळेच्या रजिस्टरमागे फिरावे लागते, आणि ते रजिस्टरही कुठल्या गाळ्यात भिजलेले असेल सांगता येत नाही. तेव्हा अशा उताऱ्याची आजच प्रमाणित नक्कल काढून गावाकडच्या भावाकडे किंवा मुलीच्या सासरी ठेवा. मोबाईलमध्ये फोटो काढून स्वतःला ईमेल करा. सरकारचे डिजिलॉकर २०१५ पासून आहे, त्यात ऑनलाइन निघालेले बरेच दाखले थेट मिळतात, ते तिथेही उतरवून घ्या. मूळ कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फळीवर, फरशीवर नको. आणि पतसंस्थेत हप्ता भरला की त्याच दिवशी पासबुकात नोंद करून घ्या. "पुढच्या वेळी करू" असे आम्ही म्हटले तरी ऐकू नका.

सभेतल्या बाबांनी साडेसहा हजारांना अखेर मंजुरी दिली, पण अट घातली. प्रत उघडून बघाल तेव्हा सभासदांना समोर बसवा, आमची खाती आम्हाला दाखवा. अट ठरावात घेतली आहे. पुढची चाचणी येत्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी दहा वाजता, ऑफिसातच. येताना पासबुक आणावे. ज्या ताईचा जुलैचा हप्ता राहिला, तिची मुलगी आता सरकारी दवाखान्यात नर्स आहे आणि तीही आमची सभासद आहे. दोघींनाही निरोप दिला आहे.